शेवटच्या डावाचा डावखुरा: बिली वॅग्नरच्या कारकिर्दीची पार्श्वभूमी

२७ जुलै २०२५ रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या कूपरस्टाउन गावी बिली वॅग्नर या अमेरिकन पिचरला, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या खेळाडूला, बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये, या खेळातल्या थोरांच्या मानाच्या यादीत, स्थान मिळाले. पत्रकारांच्या मतदानातली ती त्याची दहावी, म्हणजे नियमाप्रमाणे शेवटची संधी होती. निवडीला ७५ टक्के मते लागतात. २०१६ मध्ये पहिल्यांदा नाव आले तेव्हा त्याला १०.५ टक्के मिळाली होती, २०२४ मध्ये तो अवघ्या पाच मतांनी हुकला आणि २०२५ मध्ये ८२.५ टक्क्यांवर गेला. मधल्या काळात त्याने एकही चेंडू टाकलेला नव्हता, कारण निवृत्ती २०१० मधलीच. मग मते आठपट कशी झाली? याचे उत्तर रिलीफ पिचर या कामाच्या इतिहासात आहे.

बेसबॉलचा सामना नऊ डावांचा. प्रत्येक डावात प्रत्येक संघाचे तीन गडी बाद व्हावे लागतात. सुरुवात करणारा पिचर दमला की त्याच्या जागी येतो तो रिलीफ पिचर. पूर्वी हे काम लांबलचक असे. रिच गॉसेजने १९७५ मध्ये शिकागो व्हाइट सॉक्सकडून एका मोसमात १४१ हून अधिक डाव टाकले, तेही सगळे रिलीफमध्ये. शिकागोचे क्रीडापत्रकार जेरोम होल्ट्झमन यांनी सुचवलेली ‘सेव्ह’ ही नोंद १९६९ मध्ये अधिकृत झाली. आघाडी तीन धावांपेक्षा जास्त नसताना येऊन किमान एक पूर्ण डाव टाकायचा आणि सामना जिंकून संपवायचा, हा सेव्ह मिळवण्याचा सगळ्यात नेहमीचा मार्ग. नोंद निघाली तसे कामही तिच्या मापाने बेतले जाऊ लागले. १९८८ मध्ये ओकलंडचे व्यवस्थापक टोनी ला रूसा यांनी डेनिस एकर्सलीला जवळजवळ फक्त नवव्या डावासाठी राखून ठेवले आणि त्याने ४५ सेव्ह केले. काही वर्षांत सगळ्या संघांनी तीच रीत उचलली. वॅग्नर मोठ्या लीगमध्ये आला तोवर क्लोजर, म्हणजे सामना संपवणारा रिलीफ पिचर, हा एका डावाचा माणूस हे ठरून गेले होते. सोळा मोसमांत मिळून त्याचे ९०३ डाव भरतात ते यामुळे.

त्याचा जन्म १९७१ चा, व्हर्जिनिया राज्याच्या डोंगराळ नैऋत्य भागातल्या मॅरियनचा. मुळात तो उजवा. लहानपणी उजवा हात दोनदा मोडला, म्हणून डाव्याने फेकू लागला आणि पुढे डाव्यानेच फेकत राहिला. उंची पाच फूट दहा इंच, पिचरच्या मानाने कमीच. कॉलेजही फेरम नावाचे छोटे, कॉलेज क्रीडास्पर्धांच्या तिसऱ्या श्रेणीतले. तिथे १९९२ मध्ये त्याने दर नऊ डावांमागे १९.१ स्ट्राइकआउट घेतले, म्हणजे तितके बॅटर तीन स्ट्राइकवर बाद केले. १९९३ मध्ये ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रोजने त्याला पहिल्या फेरीत, बाराव्या क्रमांकावर निवडले.

या बुटकेपणाकडे नीट पाहायला हवे. पिचरची पट्टी होम प्लेटपासून, म्हणजे बॅटर जिच्याशेजारी उभा राहतो त्या पाटीपासून, ६० फूट ६ इंचांवर असते. लांब पाऊल टाकून चेंडू सोडेपर्यंत उरतात साधारण ५५ फूट. ताशी १०० मैल, म्हणजे १६१ किलोमीटर वेगाचा चेंडू ते अंतर सुमारे ०.४ सेकंदात कापतो, आणि बॅट फिरवायची की नाही हे त्यातल्या पहिल्या अर्ध्यातच ठरवावे लागते. फोर-सीम फास्टबॉलमध्ये तर्जनी आणि मधले बोट शिवणीला आडवे बसते. चेंडू बोटांच्या टोकांवरून सुटताना उलटा फिरतो आणि त्यामुळे बॅटरच्या अंदाजापेक्षा कमी खाली येतो. उंच पिचरचा चेंडू वरून उतरत येतो. वॅग्नरचा खालून निघून जवळपास सपाट, स्ट्राइक झोनच्या, म्हणजे बॅटरने मारण्याजोगा ठरणाऱ्या चौकटीच्या, वरच्या कडेला पोहोचायचा. बॅट त्याच्या खालून जायची. जोडीला डावखुऱ्याचा स्लायडर, म्हणजे शेवटी बाजूला वळणारा चेंडू. दोनच चेंडू, पण एका डावाला तेवढे पुरतात. सुरुवातीच्या पिचरला तेच बॅटर दोन-तीनदा भेटतात, त्यामुळे त्याला तिसरा चेंडू लागतोच. १९९४ मध्ये खालच्या लीगमध्ये सुरुवातीचा पिचर म्हणून २०४ स्ट्राइकआउट घेणाऱ्या वॅग्नरला ह्यूस्टनने १९९६ पासून रिलीफमध्ये लावले ते बरोबरच होते.

१९९९ हा त्याचा सर्वोत्तम मोसम: ३९ सेव्ह, नऊ डावांमागे १.५७ धावा, आणि ७४ डाव व २ बाद एवढ्यात १२४ स्ट्राइकआउट. ११ जून २००३ रोजी यँकी स्टेडियमवर ह्यूस्टनचा सुरुवातीचा पिचर रॉय ऑस्वाल्ट एका डावानंतर जांघेच्या दुखापतीने बाहेर गेला, आणि ह्यूस्टनच्या सहा पिचरांनी मिळून न्यूयॉर्क यँकीजला एकही हिट, म्हणजे बेसवर पोहोचवणारा फटका, मारू दिला नाही. शेवटचा डाव वॅग्नरचा होता.

एवढ्या वेगाची किंमत कोपर देते. हात मागे पूर्ण वळून पुढे झेपावतो त्या क्षणी कोपराची आतली बाजू फाकू पाहते. तिला धरून ठेवतो एक आखूड अस्थिबंध, म्हणजे हाडाला हाड बांधणारा पट्टा, आणि त्याच्यावरचा ताण वाटून घेतात मनगट व बोटे वाकवणारे स्नायू. हे स्नायू थकले की सगळा भार अस्थिबंधावर. वॅग्नरच्या बाबतीत आधी स्नायूची बाजू गेली. २००० मध्ये त्याचे पंधरापैकी नऊ सेव्ह हुकले, नऊ डावांमागे ६.१८ धावा गेल्या, आणि जूनमध्ये फाटलेल्या स्नायुबंधावर, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीवर, शस्त्रक्रिया झाली. पुढच्याच वर्षी ३९ सेव्ह घेऊन तो परतला. फिलाडेल्फियामार्गे न्यूयॉर्क मेट्सकडे गेल्यावर, २००८ मध्ये, अस्थिबंधही फाटला.

त्यावरचा उपाय म्हणजे टॉमी जॉन शस्त्रक्रिया. डॉ. फ्रँक जोब यांनी १९७४ मध्ये ती प्रथम याच नावाच्या पिचरवर केली. दंडाच्या आणि हाताच्या हाडांत बोगदे पाडून त्यांतून दुसरीकडचा स्नायुबंध ओवतात. बहुधा तो मनगटातूनच घेतात: अंगठा आणि करंगळी टेकवून मनगट किंचित वाकवले की मधोमध उठून दिसणारी दोरी तीच. काहींना ती जन्मतःच नसते, तेव्हा मांडीमागची घेतात. नव्या जागी ती रुजून अस्थिबंधासारखी वागायला लागेपर्यंत वर्ष-दीड वर्ष जाते. घाई केली तर पुन्हा फाटू शकते. वॅग्नर सदतिसाव्या वर्षी या वाटेने गेला आणि ऑगस्ट २००९ मध्ये, वर्षाच्या आत, परतला.

डाव थोडे, हा मतदारांचा पहिला आक्षेप. दुसरा बाद फेरीचा होता, आणि तो खोटा नाही. तिथे ११ डाव व २ बाद एवढ्यात १३ धावा, म्हणजे नऊ डावांमागे १०.०३. २००६ मध्ये सेंट लुईसविरुद्ध ६-६ अशा बरोबरीत नवव्या डावात सो तागुचीने, जो बचावासाठी मैदानात आलेला होता, होम रन मारला आणि मेट्स तो सामना हरले. पण ११ डावांच्या तोलात ९०३ डाव टाकून द्यायचे, हे हिशेबात बसत नाही. संपूर्ण कारकिर्दीत त्याच्यासमोर बॅटरांची सरासरी .१८७ होती, म्हणजे हजार संधींमागे १८७ हिट. दर तीन बॅटरांमागे एक स्ट्राइकआउट झाला. एकूण १,१९६. नऊ डावांमागे धावा २.३१. सेव्हच्या बेरजेऐवजी बॅटरमागचा हिशेब पाहणारे पत्रकार मतदारयादीत वाढत गेले, तशी त्याची मते १६.७, ३१.७, ४६.४ अशी चढत गेली. हॉल ऑफ फेममध्ये गेलेला तो पहिला डावखुरा रिलीफ पिचर आहे.

२०१० चा मोसम तो अटलांटा ब्रेव्हजकडून खेळला, मोसमानंतर घरी परतायचे हे आधीच जाहीर करून. ३७ सेव्ह, नऊ डावांमागे १.४३ धावा, ६९ डाव व १ बाद एवढ्यात १०४ स्ट्राइकआउट. ऑक्टोबरमध्ये सॅन फ्रान्सिस्कोविरुद्ध बरगडीखालचा स्नायू दुखावला आणि खेळ तिथेच थांबला. डावखुऱ्यांमधला तेव्हाचा विक्रम जॉन फ्रँकोचा, ४२४ सेव्हचा होता. वॅग्नरचे झाले होते ४२२. दोन सेव्हसाठी तो परत आला नाही.