विस्तवावर भाजायचा रोस्टर घरीच बनवताय? सामान घ्यायच्या आधी हे वाचा

सळई, जाळी घ्यायला येणारे बरेच जण विचारतात की उघड्या विस्तवावर फिरवून भाजायचा रोस्टर बनवायचाय तर काय काय लागेल, म्हणून हे पत्रक. सामान फार नाही, दोन उभे खांब, मधे सळई, तिला हँडल आणि चिकन धरून ठेवायला दोन काटे, बस. घोळ होतो तो धातू निवडताना.

जीआयची (गॅल्वनाइज्ड लोखंडाची) सळई, जाळी, नट-बोल्ट यातलं काहीच या कामाला नको, मागितलंत तरी आम्ही देणार नाही. त्यावर जस्ताचा मुलामा असतो, जस्त 419 डिग्रीलाच वितळतं, 907 ला उकळतं आणि रसरसलेल्या निखाऱ्यांत एवढी आच होऊ शकते. तो धूर छातीत गेला की थंडी वाजून ताप भरतो, कुठल्याही जुन्या वेल्डरला विचारा. क्रोम किंवा रंग मारलेलंही नको. एसएस 304 (स्टेनलेस स्टील) बेस्ट, बजेट नसेल तर साधं काळं एमएस (माइल्ड स्टील) चालतं, फक्त पहिल्यांदा रिकामंच चांगलं तापवून घ्या म्हणजे त्यावरचं मशीनचं तेल जळून जाईल, मग खायच्या तेलाचा हात फिरवून ठेवा नाहीतर गंज धरलाच समजा.

सळई चौकोनी घ्या. गोल असेल तर सळई फिरते आणि चिकन मात्र तिथंच लटकतं, एक बाजू करपते, दुसरी कच्ची. चिकन ओवल्यावर सळई दोन्ही तळहातांवर सैल धरून बघा, जड बाजू आपोआप खाली वळेल, मग काटे काढून पुन्हा नीट ओवा, पाय-पंख सुती दोऱ्याने आवळून बांधा. एवढं केलं नाही तर प्रत्येक फेऱ्याला हँडल हिसका देणार.

भाजायचं निखाऱ्यांवर, जाळावर नाही, आणि निखारे बरोब्बर खाली न ठेवता जरा मागे सरकवा, खाली ट्रे ठेवा, नाहीतर चरबी ठिबकून भडका उडतो. खांबांना वर-खाली तीन-चार खाचा असल्या की आच कमी-जास्त करता येते. चिकन आतून 74 डिग्री झालं की झालं. चुलीला नदीतले ओले दगड लावू नका, आतल्या पाण्याची वाफ होऊन फुटतात. आणि हे सगळं उघड्यावरच, पत्र्याच्या बंद शेडमधे अजिबात नाही, निखाऱ्यांचा कार्बन मोनॉक्साइड ना दिसतो ना वास येतो.

येताना चुलीची रुंदी मोजून आणा, हँडलकडे हातभर जास्त ठेवून सळई कापून देतो, फिरवणाऱ्याला चटके नकोत.