अंतराळातले गेम: खरं असणं वेगळं, पटणं वेगळं

अंतराळात आवाज पोहोचत नाही, मग स्फोट ऐकू कसा येतो? हा आक्षेप अंतराळातल्या बहुतेक गेमवर कधी ना कधी घेतला जातो. दुसरा नेहमीचा आक्षेप असा, की भिंतीपलीकडच्या पहारेकऱ्याला मी दिसलोच कसा? दोन्ही वेळा खेळणारा म्हणतो एकच, ‘हे रिअ‍ॅलिस्टिक नाही.’ पण या दोन तक्रारी एका जातीच्या नाहीत. पहिलीत गेमचा खऱ्या जगाशी मेळ नाही. दुसरीत गेमचा स्वतःशीच मेळ नाही. पहिली चूक आपण सहज पोटात घालतो, दुसरीला मात्र कंट्रोलर आपटावासा वाटतो.

आवाजाचं प्रकरण लगेच मिटवता येतं. ‘एलीट डेंजरस’ या अंतराळयान चालवण्याच्या गेमने सांगून टाकलं, की स्फोटाचे आवाज जहाजाचा संगणक कॉकपिटमध्ये तयार करतो, चालकाला आजूबाजूचा अंदाज यावा म्हणून. संपला विषय.

‘कर्बल स्पेस प्रोग्राम’चं उदाहरण जास्त मजेशीर आहे. रॉकेट बांधून कक्षेत पाठवण्याचा हा गेम वास्तववादी म्हणून नावाजलेला. पण त्यातल्या कर्बिन ग्रहाची त्रिज्या फक्त 600 किलोमीटर आहे आणि पृष्ठभागावरचं गुरुत्वाकर्षण पृथ्वीइतकंच. हिशेब केला तर या ग्रहाची घनता पृथ्वीच्या दहापट निघते, म्हणजे ऑस्मियम या सगळ्यात जास्त घनतेच्या धातूच्याही दुपटीहून जास्त. असा ग्रह असूच शकत नाही. तो इतका लहान ठेवला, कारण त्यामुळे कक्षेत राहायला पृथ्वीसारखा सेकंदाला 7.8 किलोमीटर वेग लागत नाही, सव्वादोनच्या आसपास पुरतो. रॉकेट लहान होतं, उड्डाण लवकर आटोपतं, आणि फुटलं तर पुन्हा बांधायचा कंटाळा येत नाही.

कक्षेचे नियम मात्र या गेमने सोडले नाहीत. पुढे चाललेलं यान गाठायला त्याच्या दिशेने जोर लावला की आपली कक्षा उंचावते, फेरी लांबते आणि आपण मागे पडतो. जून 1965 मध्ये नासाच्या जेमिनी 4 यानातले अंतराळवीर जेम्स मॅकडिव्हिट यांनी आपल्याच रॉकेटच्या वापरून झालेल्या टप्प्याजवळ जाण्याचा प्रयत्न असाच सरळ नेम धरून केला. तो फसला आणि इंधन मात्र खर्ची पडलं. कर्बल खेळणारा प्रत्येक जण पहिल्यांदा दोन यानं जवळ आणताना तेच करतो. म्हणजे ग्रह खोटा आणि धडा खरा, आणि निवड योग्य आहे. ज्या नियमामुळे खेळणाऱ्याला काही ठरवावं लागतं तो राखला, ज्याने नुसती वाट पाहायला लागते तो छाटला.

याच्या उलट अनुभव ‘एलीट’ मालिकेतल्याच ‘फ्रंटिअर: एलीट 2’ने 1993 मध्ये दिला. 1984 च्या मूळ ‘एलीट’मध्ये जहाजं विमानासारखी वळायची. इथे न्यूटनचे नियम जसेच्या तसे आणले. परिणाम असा, की लढाईत दोन जहाजं भन्नाट वेगाने एकमेकांशेजारून निघून जायची, मग वेग मारून परत फिरायचं, पुन्हा तेच. भौतिकशास्त्र बिनचूक, लढाई कंटाळवाणी. ‘एलीट डेंजरस’ने म्हणूनच वेगाला मर्यादा घातली. अवकाशात तिला काहीही आधार नाही, पण ती सगळ्या जहाजांना सारखी लागू आहे, त्यामुळे खटकत नाही.

आता लपण्याकडे येऊ. खऱ्या अंतराळात लपणं जवळपास अशक्य आहे आणि त्याचं कारण उष्णता. जहाजात माणसं आहेत, यंत्रं आहेत, म्हणजे ते गरम आहे. भोवती हवा नाही, त्यामुळे ती उष्णता फक्त प्रारणाने, म्हणजे किरणांच्या रूपाने, बाहेर जाते. साधारण 27 अंश सेल्सिअसचा पृष्ठभाग दर चौरस मीटरमागे सुमारे 450 वॅट अवरक्त प्रारण फेकतो, आणि मागची पार्श्वभूमी असते उणे 270 अंशांची. इंजिन पेटवलं तर बोलायलाच नको. उष्णता आत कोंडली तर आतले भाजून निघतात. डोंगर नाही, ढग नाही, क्षितिज नाही.

इथे बरेच गेम सरळ ‘अदृश्य व्हा’ असं बटण देतात. चालतं, पण मिळमिळीत वाटतं. ‘एलीट डेंजरस’ने तीच अडचण खेळाच्या मधोमध ठेवली. सायलेंट रनिंग सुरू केलं की उष्णता बाहेर टाकणारी झाकणं बंद होतात, इतरांच्या सेन्सरवर जहाज दिसेनासं होतं, पण ढाल बंद पडते आणि आतलं तापमान चढत जातं. हद्द ओलांडली की आपलीच यंत्रं जळायला लागतात. हीट सिंकमध्ये, म्हणजे उष्णता शोषणाऱ्या भागात, उष्णता भरून तो बाहेर फेकला की थोडी उसंत मिळते. खऱ्या अभियंत्याला यात पन्नास चुका सापडतील. पण किती वेळ लपायचं आणि त्याची किती किंमत मोजायची, हा प्रश्न थेट भौतिकशास्त्रातून आला आहे.

पटण्याच्या बाजूचा सगळ्यात धूर्त नमुना म्हणजे ‘एलियन: आयसोलेशन’. यात परग्रहावरचा एक प्राणी आपल्या मागावर असतो. तो मारता येत नाही, ज्वालाफेकीने फक्त हुसकावता येतो. बाकी सगळा खेळ लपण्याचा. पडद्यामागे गेमचा एक भाग असा आहे, ज्याला आपण कुठे आहोत हे कायम ठाऊक असतं, आणि तो प्राण्याला अधूनमधून आपल्या आसपास ढकलतो. म्हणजे लबाडी आहेच. पण तिथून पुढे प्राण्याला आपल्याला स्वतःच्या डोळ्या-कानांनीच शोधावं लागतं. पकडले गेलो तर आपणच आवाज केला असं वाटतं.

आणि न मारता काम काढण्याचा पर्याय? इथे खरं आणि पटणारं यांची सगळ्यात जास्त सरमिसळ होते, कारण बेशुद्ध करणं सौम्य आणि सुरक्षित असतं असं गेमनीच आपल्याला शिकवलं आहे. प्रत्यक्षात गळा आवळून मेंदूचा रक्तपुरवठा थांबवला तर माणूस दहाएक सेकंदांत शुद्ध हरपतो, पण सोडल्यावर बहुधा अर्ध्या मिनिटाच्या आत जागाही होतो. आवळून धरलं तर मरतो. डोक्यावरच्या फटक्याने कोणी तासभर उठला नाही तर ती मेंदूची गंभीर इजा असते. गुंगीच्या बाणाला वजनानुसार मात्रा लागते आणि मिनिटं जातात. गेममधला पहारेकरी मात्र मिशन संपेपर्यंत निवांत पडून राहतो. हे खोटं मी आनंदाने स्वीकारतो. दर अर्ध्या मिनिटाला तोच माणूस उठणार असेल, तर न मारण्याचा मार्ग कोणीच निवडणार नाही.

‘हीट सिग्नेचर’मध्ये गुपचूप जहाजांवर शिरायचं असतं, आणि काही कामांत कोणालाही न मारण्याची अट असते. फसलो आणि बाहेर निर्वातात फेकले गेलो, तर आपलं छोटं यान दुरून चालवून स्वतःलाच झेलायचं, वेळ मोजकी. वाटतं अचाट, पण अगदीच हवेतलं नाही. 1966 मध्ये नासाच्या निर्वात कक्षात एका चाचणीवेळी तंत्रज्ञाच्या पोशाखातला दाब निघून गेला, पंधराएक सेकंदांत त्याची शुद्ध हरपली, आणि कक्षात लगेच हवा भरल्यामुळे तो वाचला.

माझ्या मते न मारण्याच्या या पर्यायात अजून न खणलेली खाण आहे. वजनरहित अवस्थेत गरम हवा वर जात नाही. झोपलेल्या माणसाच्या तोंडाभोवती त्याच्याच श्वासातला कार्बन डायऑक्साइड साचू शकतो, म्हणून अंतराळ स्थानकात झोपायच्या जागी हवा खेळती ठेवावी लागते. आता विचार करा, बेशुद्ध पहारेकऱ्याला आपण कुठे लपवतो? बंद कपाटात. कृत्रिम गुरुत्वाकर्षण नसलेल्या जहाजावर ते कपाट म्हणजे संथ मरण, आणि गेमच्या निकालपत्रकावर ‘ठार: 0’. त्याला जिवंत ठेवायचं तर हवेच्या झोताजवळ ठेवावं लागेल, आणि झोत जिथे, तिथे माणसांची ये-जा. हा नियम एखाद्या गेमने खरोखर आणला, तर कंटाळा वाढणार नाही, उलट प्रत्येक कपाटापाशी आपण थांबून विचार करू.