प्रत कोणाकडे? न्यूजग्रुप आणि टॉरंट यांची पार्श्वभूमी

ग्वाल्हेर घराण्याची जुनी ध्वनिमुद्रणं शोधायला निघालेल्या माणसाच्या कानावर आज ना उद्या दोन नावं पडतात: न्यूजग्रुप आणि टॉरंट. इंटरनेटवरून फाइली मिळवायच्या या दोन वाटा. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या मराठी घरांना गाण्याचा नाद जुना. या घराण्याचे गायक कृष्णराव शंकर पंडित (१८९३-१९८९) यांना समोर बसून ऐकलेली पिढी आता थकली. त्यांच्या मुला-नातवंडांना ते गाणं हवं असतं आणि दुकानात ते मिळत नाही. मग कोणी सांगतं, न्यूजग्रुपवर सगळं असतं; कोणी म्हणतं, टॉरंटशिवाय पर्याय नाही. दोघांचंही म्हणणं अर्धंच खरं आहे. या दोन व्यवस्थांत वेग, खर्च, सोय असे बरेच फरक सांगितले जातात, पण माझ्या मते मुळातला फरक एकच: फाइलची प्रत कोण सांभाळतं. बाकीचे फरक, अगदी कोर्टकचेरीपर्यंतचे, तिथूनच निघतात.

न्यूजग्रुप ही इंटरनेट घरोघरी पोहोचण्याच्या कितीतरी आधीची गोष्ट. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात शिकणाऱ्या टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस यांनी १९७९ मध्ये शेजारच्या नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाशी संगणकावरून मजकुराची देवघेव करायची कल्पना काढली. तिथल्या स्टीव्ह बेलोविन यांनी त्यासाठीचा पहिला प्रोग्राम लिहिला आणि १९८० मध्ये यूजनेट, म्हणजे न्यूजग्रुपांचं जाळं, सगळ्यांसाठी खुलं झालं. एका ठिकाणचा संगणक रात्री, फोनचे दर उतरले की, दुसऱ्या संगणकाला फोन लावायचा आणि साचलेले लेख पुढे द्यायचा, दुसरा तिसऱ्याला. असं करत प्रत्येक लेखाची प्रत साखळीतल्या प्रत्येक सर्व्हरवर जाऊन बसायची. १९८६ मध्ये एनएनटीपी हा प्रोटोकॉल, म्हणजे संगणकांनी आपसात देवघेव करायचा नियम, आला आणि हेच काम इंटरनेटवरून होऊ लागलं. वाचणारा फक्त आपल्या जवळच्या सर्व्हरशी बोलतो. लेख मुळात कोणी, कुठून टाकला याच्याशी त्याचा थेट संबंध येत नाही.

ही व्यवस्था गाण्यांसाठी किंवा चित्रफितींसाठी कोणी बांधलेली नव्हती. तिच्यातून फक्त साधा मजकूर जायचा. मेरी ॲन हॉर्टन यांनी १९८० मध्ये यूयूएनकोड हा प्रोग्राम लिहिला. फाइलचे तीन बाइट घेऊन त्यांची चार अक्षरं करायची, म्हणजे कोणतीही फाइल मजकूर बनून जाते, पण आकाराने एक तृतीयांशाहून जास्त फुगते. एका लेखात मावेल तेवढाच तुकडा टाकता येत असल्याने मोठी फाइल शेकडो लेखांत कापावी लागायची. त्यातला एक लेख जरी वाटेत गळाला तरी बाकीचे सगळे फुकट. पुढे ‘ऑल्ट डॉट बायनरीज’ या शाखेखाली फाइलींचीच गर्दी झाली, तेव्हा या दोन्ही दुखण्यांवर उपाय निघाले. २००१ च्या सुमारास आलेल्या वाय-एनकोडने फुगवटा एक-दोन टक्क्यांवर आणला. पार फाइलींनी गळतीचा प्रश्न सोडवला. रीड आणि सॉलोमन यांनी १९६० मध्ये मांडलेलं गणित त्यांच्या मुळाशी आहे. सीडीवर ओरखडा पडला तरी गाणं वाजतं तेही त्याच गणितामुळे. मूळ फाइलसोबत थोडे जादा तुकडे टाकायचे, आणि जेवढे तुकडे हरवले असतील तेवढेच जादाचे मिळाले की मूळ फाइल जशीच्या तशी उभी राहते. शेकडो तुकड्यांची शोधाशोध करायची कटकट एनझेडबी फाइलने संपवली. कोणता तुकडा कुठल्या लेखात आहे याची ती यादी असते.

सर्व्हरवर लेख किती दिवस ठेवायचे हे मात्र सर्व्हर चालवणारा ठरवतो. जागा महाग होती तेव्हा मोठ्या फाइली काही दिवसांत पुसल्या जायच्या. आता पैसे घेऊन सेवा देणाऱ्या मोठ्या कंपन्या पाच हजारांहून अधिक दिवसांचा साठा सांगतात. त्या मुदतीत फाइल असली तर ती पूर्ण वेगाने येते, मागणारा एकच असला तरी.

आपल्याला न्यूजग्रुपांनी दिलेली सगळ्यात मोठी गोष्ट मात्र फाइल नव्हती, आणि इथे थोडं थांबायला हवं. भारतीय शास्त्रीय संगीतासाठी एक न्यूजग्रुप होता, चित्रपट आणि इतर संगीतासाठी दुसरा, मराठी माणसांसाठीही एक स्वतंत्र होता. परदेशी विद्यापीठांत शिकणारी, नोकरी करणारी आपली माणसं तिथे तासन्‌तास रागांवर वाद घालायची, कोणत्या तबकडीच्या दुसऱ्या बाजूला काय आहे ते सांगायची. अविनाश चोपडे यांनी आयट्रान्स लिहिला. साध्या रोमन कीबोर्डवर टंकलेला मजकूर त्यातून देवनागरीत छापता येऊ लागला आणि न्यूजग्रुपवरच्या रसिकांनी त्याच पद्धतीने शेकडो गाण्यांचे शब्द उतरवून काढले. युनिकोड देवनागरी सर्रास दिसू लागण्याच्या आधीचं हे काम आहे, आणि बिनपैशाचं आहे. त्या लोकांबद्दल मला फार आदर वाटतो. ध्वनिमुद्रण हाती येण्याआधी ते अस्तित्वात आहे हे कळावं लागतं, आणि ते कळवणारी जागा तीच होती.

भारतात मात्र त्या काळी हे सगळं फार थोड्यांच्या वाट्याला आलं. विदेश संचार निगमने सामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट सुरू केलं ते १५ ऑगस्ट १९९५ ला, तेही आधी मोठ्या शहरांत. चित्रांसकट वेब दाखवणारं खातं वर्षाला ५०० तासांसाठी १५ हजार रुपयांचं होतं. पुढे सायबर कॅफे निघाले, पण तासावर पैसे देऊन शेकडो तुकडे गोळा करणं कोणालाच झेपणारं नव्हतं. नंतरच्या सशुल्क न्यूजग्रुप सेवा दर महिन्याला डॉलरमध्ये पैसे मागायच्या. त्यासाठी परदेशी व्यवहार चालणारं कार्ड लागायचं. ग्वाल्हेरच्या मध्यमवर्गीय घरात न्यूजग्रुप रुजला नाही याची कारणं इतकी साधी आहेत.

दुसरी वाट १९९९ च्या जूनमध्ये उघडली. शॉन फॅनिंगच्या नॅपस्टरमध्ये गाणी कोणत्याही सर्व्हरवर नव्हती, ती लोकांच्याच संगणकांवर होती. मध्यवर्ती सर्व्हर फक्त कोणाकडे काय आहे ते सांगायचा. तोच त्याचा कच्चा दुवा ठरला. रेकॉर्ड कंपन्यांनी त्या यादीच्या मालकावर खटला भरला आणि जुलै २००१ मध्ये नॅपस्टर बंद पडलं. नूटेला, कझा, ईडाँकी या तशाच दुसऱ्या प्रोग्रामांनी यादीही वाटून टाकली. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये ग्रोक्स्टर या अशाच एका सेवेवरच्या खटल्यात निकाल दिला, की हक्कभंगाला उत्तेजन देऊन एखादं साधन पसरवणारा माणूस त्या हक्कभंगाला जबाबदार धरला जाईल.

ब्रॅम कोहेनने जुलै २००१ मध्ये बिटटॉरंट बाहेर काढलं. लोक टॉरंट म्हणतात ते हेच. त्याने हाताळलेला प्रश्न वेगळा होता: एकाच फाइलवर हजारो माणसं तुटून पडली की सर्व्हर कोलमडतो. बिटटॉरंटमध्ये फाइलचे छोटे तुकडे होतात, प्रत्येक तुकड्याची खूण आधीच ठरलेली असते, आणि तुकडा हातात आला की तो लगेच दुसऱ्याला द्यायला लागायचं. पंगतीत जेवणारानेच शेजाऱ्याला वाढावं तसं. जो देतो त्याला आधी मिळतं, हा नियम प्रोग्राममध्येच आहे. मागणी वाढली की वेग वाढतो. न्यूजग्रुपच्या सर्व्हरला मागणीने काहीच फरक पडत नाही, आणि दोन्ही व्यवस्थांचा स्वभाव इथे वेगळा होतो.

भारतात टॉरंट पसरलं ते ब्रॉडबँडबरोबर. २००४ च्या धोरणाने २५६ केबीपीएसला ब्रॉडबँड म्हटलं आणि २००५ च्या जानेवारीत बीएसएनएलची डेटावन सेवा आली. तिच्या काही प्लॅनमध्ये रात्री दोन ते सकाळी आठ वापर मोजला जात नसे. २५६ केबीपीएसने सेकंदाला ३२ केबी येतात; ७०० एमबीची, म्हणजे एका सीडीएवढी फाइल यायला सव्वासहा तास लागतात. रात्रभर संगणक चालू, मॉनिटर बंद, आणि सकाळी आठच्या आत कनेक्शन तोडायचं, ही त्या वर्षांत कितीतरी घरांची रीत होती. टॉरंट अर्धवट राहिलं तर दुसऱ्या रात्री तिथूनच पुढे चालू होत असल्यामुळे ते या वेळापत्रकात नेमकं बसलं. पण दिवसा पाठवलेला प्रत्येक एमबीही मोजला जात असल्याने फाइल पुरी झाली की लोक प्रोग्राम बंद करायचे. घ्यायचे सगळे, देत राहायचे थोडे. देशभरातल्या इंजिनिअरिंग होस्टेलांमध्ये डीसी प्लस प्लस हा फाइली वाटायचा प्रोग्राम चालला ते याच्या उलट कारणाने: आतल्या नेटवर्कवर देण्याघेण्याला पैसे पडत नव्हते.

कायद्याची बाजूही प्रतीच्या जागेवरच ठरते. टॉरंटमध्ये घेणारा त्याच क्षणी वाटणारा होतो आणि त्याचा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा त्याचा क्रमांक, त्या फाइलची देवघेव करणाऱ्या झुंडीतल्या प्रत्येकाला दिसतो. अमेरिकेत २००३ पासून रेकॉर्ड कंपन्यांनी फाइल शेअरिंग करणाऱ्या हजारो सामान्य लोकांवर दावे लावले ते अशा उघड पत्त्यांच्या आधारे. न्यूजग्रुपच्या वाचकाचा पत्ता फक्त त्याच्या सर्व्हरला माहीत असतो, म्हणून तिथे खटले सेवा चालवणाऱ्यांवर आणि यादी देणाऱ्यांवर झाले: अमेरिकेत २००९ मध्ये यूजनेट डॉट कॉमविरुद्ध निकाल लागला, ब्रिटनमध्ये २०१० मध्ये न्यूझबिनविरुद्ध. वाचकाचं नाव बाहेर येत नाही, एवढ्यावरून ती प्रत कायदेशीर होत नाही. आपल्याकडे १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे जाणूनबुजून हक्कभंग करणं किंवा त्याला मदत करणं हा गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड. नवे चित्रपट, नवी गाणी यांच्या बाबतीत मला यात काहीच संदिग्ध वाटत नाही. ज्यांनी ते घडवलं त्यांचा मोबदला बुडवायचा नसतो.

जुन्या ध्वनिमुद्रणांचं वेगळं आहे. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. १९६० मध्ये बाजारात आलेल्या तबकडीवरचा हा हक्क २०२० च्या अखेरीस संपला. शब्द आणि चाल यांचा हक्क निराळा मोजतात, कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. नाट्यगीतांच्या बाबतीत हे आधी तपासावं लागतं, परंपरेने आलेल्या ख्यालाच्या बंदिशीला सहसा नाही. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात नेली, रामकृष्णबुवा वझे ग्वाल्हेरला शिकून गेले. त्या परंपरेतल्या ७८ गतीच्या, दर बाजूला जेमतेम तीन मिनिटं वाजणाऱ्या कितीतरी तबकड्या आज कोणीही उघडपणे वाटू शकतो.

आणि नेमक्या तिथेच दोन्ही वाटा अपुऱ्या पडतात. टॉरंट मागणीवर जगतं. दुर्मीळ ख्यालाला मागणी दहा-वीस माणसांची. शेवटच्या सीडरने, म्हणजे पूर्ण फाइल जवळ ठेवून देत राहणाऱ्याने, संगणक बदलला की दुवा दिसत राहतो आणि फाइल ९७ टक्क्यांवर अडकते. न्यूजग्रुपला मागणीची गरज नाही, पण कोणीतरी ती फाइल मुळात टाकलेली असावी लागते, आणि टाकणारी माणसंच कमी झाली. यूजनेटचा जन्म झाला त्या ड्यूक विद्यापीठाने २०१० मध्ये आपला सर्व्हर बंद केला. गूगल ग्रुप्सने २२ फेब्रुवारी २०२४ पासून यूजनेटचे नवे लेख घेणं थांबवलं. जुन्या चर्चा तिथे अजून वाचता येतात, आणि लष्करातल्या एखाद्या कपाटातल्या तबकडीवर नेमकं काय आहे हे ओळखायला त्यांचा आजही उपयोग होतो.

ज्यांच्या घरी अशा तबकड्या आहेत त्यांना या दोन्ही व्यवस्थांमधून एकेक अवजार घेता येतं. तबकडी डिजिटल करताना एमपीथ्री न करता फ्लॅक करावी, म्हणजे आवाजातलं काही गाळलं जात नाही. गायक, राग, कंपनी, तबकडीचा क्रमांक फाइलसोबतच लिहावा. त्याच फोल्डरमध्ये दहा टक्क्यांच्या पार-टू फाइली बनवून ठेवल्या तर पुढे डिस्कवरचे काही भाग खराब झाले तरी ध्वनिमुद्रण परत उभं करता येतं. हक्क संपलेलं ध्वनिमुद्रण इंटरनेट आर्काइव्ह या ऑनलाइन संग्रह सांभाळणाऱ्या संस्थेला दिलं, की २०१२ पासून ती संस्था आपल्या संग्रहातल्या वस्तूंचं टॉरंटही देत आली आहे आणि त्या झुंडीत तिचा स्वतःचा सर्व्हर कायम बीज धरून असतो. तिथे शेवटचा सीडर निघून गेला तरी फाइल ९७ टक्क्यांवर अडकत नाही.