स्कायडायव्हिंगचा अर्ज: नागपूरकरांचे कागद नेमके कुठे अडतात

नागपुरात विमानतळ आहे, फ्लाइंग क्लब आहे, वायुसेनेच्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय आहे. पण सामान्य माणसाने पैसे भरून विमानातून उडी मारावी अशी सोय इथे नाही. हौस असणाऱ्याला हरियाणातल्या नारनौलजवळच्या बाछोद हवाईपट्टीवर जावं लागतं, नाहीतर मध्य प्रदेश पर्यटन विभागाच्या उज्जैनच्या स्कायडायव्हिंग महोत्सवाची वाट पाहावी लागते. पूर्ण प्रशिक्षण घ्यायचं असेल तर बरेच जण थायलंड किंवा दुबई गाठतात. म्हणजे कागदात चूक निघाली की घरी जाऊन दुसरा कागद आणण्याचा प्रश्नच उरत नाही. गाडीचं तिकीट, हॉटेल, रजा सगळं वाया जातं. नागपूरची पोरंपोरी अशी परत येताना मी वर्षानुवर्षं पाहतो आहे, आणि त्यातली बहुतेक टाळता आली असती.

आधी कोणता अर्ज करायचा ते ठरवा. टँडम उडीत तुम्ही प्रशिक्षकाच्या हार्नेसला जोडलेले असता, छत्री (पॅराशूट) तोच उघडतो, तोच उतरवतो. अर्ध्या-पाऊण तासाची माहिती पुरते. एएफएफ म्हणजे स्वतः उडी मारायला शिकण्याचा अभ्यासक्रम. त्यात जमिनीवरचं प्रशिक्षणच जवळपास पूर्ण दिवसाचं असतं आणि पहिल्याच उडीपासून छत्री तुमच्या पाठीवर असते. दोन्हींचे अर्ज, अटी आणि खर्च पूर्ण वेगळे आहेत. टँडमचा फॉर्म भरून "मला एकट्याला उडायचंय" म्हणणारे दर हंगामात भेटतात.

वयाचा पुरावा

१८ वर्षं पूर्ण, ही सर्वसाधारण अट. १६ ते १८ वयाच्या मुलांना काही केंद्रं पालकांच्या संमतीने टँडम करू देतात, काही अजिबात देत नाहीत. म्हणून केंद्राला ईमेल करून लेखी उत्तर मागवा. फोनवर "हो हो, या" म्हणणारा माणूस त्या दिवशी काउंटरवर असेलच असं नाही.

खरी अडचण आधार कार्डाची आहे. जुन्या आधारवर जन्मतारखेऐवजी नुसतं जन्मवर्ष छापलेलं असायचं, आणि असे आधार आजही घरोघरी आहेत. नुकतंच अठरावं संपलेल्या मुलाचं वय अशा कार्डावरून सिद्ध होत नाही. जन्मतारखेचा मान्य पुरावा घेऊन आधार केंद्रात आधी पूर्ण तारीख नोंदवून घ्या, नाहीतर सरळ पासपोर्ट न्या. परदेशी जाणाऱ्यांनी पासपोर्टची मुदत पाहावी: युएईसारख्या देशांत पोहोचण्याच्या तारखेपासून पुढे ६ महिने मुदत शिल्लक लागते. ही मुदत बरेच जण परतीच्या तारखेपर्यंतच मोजतात आणि विमानतळावर अडकतात.

लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींचा प्रश्न वेगळा. आधारवर सासरचं नाव, पासपोर्टवर माहेरचं, फॉर्मवर तिसरंच. फॉर्मवर नेहमी पासपोर्टवरचंच नाव अक्षरन् अक्षर लिहा, कारण पुढे स्कायडायव्हिंगचं लायसन्सही त्याच नावाने निघतं.

अल्पवयीन मुलांच्या संमतिपत्रावर केंद्राने सांगितलं असेल तर आई आणि वडील दोघांच्याही सह्या हव्यात. सिव्हिल लाइन्सच्या कोर्टाबाहेर नोटरी करून घेताना मुद्रांक पाहून घ्या; ऑक्टोबर २०२४ पासून महाराष्ट्रात १०० आणि २०० रुपयांच्या मुद्रांकांच्या जागी ५०० चा लागतो. केंद्राच्या जुन्या फॉर्मवर अजून "१०० रुपयांचा स्टँप पेपर" असं लिहिलेलं सापडतं. ते दुरुस्त करायला कोणालाच वेळ मिळत नाही, आणि त्रास मात्र तुम्हाला होतो.

वजनाचा रकाना

फॉर्ममधली सगळ्यात महत्त्वाची जागा ही, आणि सगळ्यात जास्त खोटं इथेच लिहिलं जातं. टँडमसाठी बहुतेक ठिकाणी ९० ते १०० किलोच्या आसपास मर्यादा असते. लोक ती वाचतात, चार-पाच किलो कमी लिहितात आणि "तिथे कोण मोजतंय" म्हणून निघतात. तिथे काट्यावर उभं करतात, तेही कपडे आणि बूट घालून.

पण परत पाठवणं हा त्यातला लहान धोका आहे. एएफएफच्या विद्यार्थ्याला कोणत्या आकाराची छत्री द्यायची हे या आकड्यावर ठरतं. हिशेब सोपा आहे: तुमचं वजन अधिक सामानाचं वजन, पाउंडांत, भागिले छत्रीचं क्षेत्रफळ चौरस फुटांत. याला विंग लोडिंग म्हणतात आणि नवशिक्याचा हा आकडा १ च्या खालीच ठेवतात. समजा तुम्ही ७० किलो लिहिलंत. सामान साधारण १२ किलो धरलं तर ८२ किलो, म्हणजे १८१ पाउंड. २०० चौरस फुटांच्या छत्रीवर हा आकडा ०.९० येतो, म्हणजे ठीक. प्रत्यक्षात तुम्ही ८४ किलोचे असाल तर ९६ किलो, २१२ पाउंड, आणि आकडा १.०६. छत्री तीच, पण ती जास्त वेगाने पुढे धावते, जास्त वेगाने खाली येते, आणि ब्रेक ओढायला उशीर झाला तर पाय मोडतो. आजच्या स्कायडायव्हिंगमधले कितीतरी गंभीर अपघात छत्री न उघडल्याने नाही, तर व्यवस्थित उघडलेल्या छत्रीखाली उतरताना होतात. म्हणून निघण्याच्या आठवड्यात वजन करा आणि जे येईल तेच लिहा. मर्यादेच्या वर असाल तर तारीख पुढे ढकला. पैसे भरण्याआधी ढकललीत तर काहीच जात नाही.

फिटनेस सर्टिफिकेट

सगळ्यात जास्त अर्ज इथे अडतात. बऱ्याच ठिकाणी वैद्यकीय जाहीरनाम्यावर स्वतःची सही पुरते. पण वय जास्त असेल, रक्तदाब किंवा मधुमेह असेल, किंवा एएफएफला जायचं असेल तर डॉक्टरांचा दाखला मागतात. आपल्याकडचे फॅमिली डॉक्टर प्रेमाने दोन ओळी लिहून देतात: "ही व्यक्ती खेळांसाठी तंदुरुस्त आहे." हा दाखला चालत नाही. कॅरम हाही खेळच आहे, मग समोरच्या प्रशिक्षकाने त्या दोन ओळींवरून काय समजायचं?

डॉक्टरांना स्पष्ट सांगा की तुम्ही हवेचा दाब नियंत्रित नसलेल्या विमानातून १० ते १३ हजार फुटांवर जाणार आहात, ताशी सुमारे २०० किलोमीटर वेगाने पडणार आहात आणि काही मिनिटांत जमिनीवर येणार आहात. मग दाखल्यात रक्तदाब, वजन, हृदय, कान, पाठीचा कणा आणि फिट्सचा इतिहास यांचा वेगवेगळा उल्लेख मागा. खाली डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक, शिक्का आणि तारीख हवी. अनेक केंद्रं किमान एमबीबीएस डॉक्टरांचाच दाखला घेतात, हेही आधी विचारून ठेवा.

खांदा कधी निखळला असेल तर तो लपवू नका, ही कळकळीची विनंती. पडताना हात पसरून शरीराची कमान धरावी लागते आणि वाऱ्याचा पूर्ण जोर खांद्यांवर येतो. तिथे खांदा निखळला तर हँडल ओढणार कोण? सर्दीचंही तसंच. नाक चोंदलेलं असताना वेगाने खाली आलात तर कानाच्या पडद्याला इजा होते. उडीच्या दिवशी सर्दी असेल तर स्वतःहून नाही म्हणा. स्कुबा डायव्हिंग करून आला असाल तर किमान २४ तास थांबा.

आता विदर्भातल्या लोकांसाठी खास गोष्ट, जी दिल्लीकडच्या किंवा परदेशातल्या कोणत्याही फॉर्ममध्ये तुम्हाला ठळकपणे सापडणार नाही: सिकलसेल, म्हणजे रक्ताचा आनुवंशिक आजार. आपल्याकडे याचं प्रमाण मोठं आहे आणि कितीतरी लोकांना आपण वाहक आहोत हे ठाऊकही नसतं. उंचीवर ऑक्सिजन कमी असतो. सिकलसेलचा आजार असलेल्या, म्हणजे एसएस पॅटर्नच्या माणसासाठी ते थेट धोक्याचं आहे. वाहकाला, म्हणजे एएस पॅटर्नवाल्याला, एरवी त्रास होत नाही. पण जास्त उंचीवर गेल्यावर वाहकांच्या प्लीहेला इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकशास्त्रात आहेत. फॉर्ममध्ये फार तर "रक्ताचा आजार" इतकाच शब्द असतो आणि लोक त्यावर "नाही" अशी खूण करून मोकळे होतात. तपासणी सरकारी रुग्णालयांत होते. २०२३ मध्ये सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू झाल्यापासून तर बऱ्याच जणांकडे कार्डही आहे. घरात कोणाला हा आजार असेल तर आधी तपासणी, मग डॉक्टरांशी बोलणं, आणि त्यानंतर बुकिंग, हाच क्रम ठेवा.

विमा

"माझी मेडिक्लेम आहे" हे उत्तर पुरेसं नाही. आरोग्य विम्याच्या पॉलिसीत प्रमाणित अपवादांची यादी असते. त्यातला एक्सक्लूजन ०९ हा धोकादायक व साहसी खेळांचा अपवाद, आणि त्यात स्कायडायव्हिंगचं नाव लिहिलेलंच आहे. त्या कलमात "व्यावसायिक म्हणून सहभाग" असे शब्द आहेत, म्हणजे हौशी माणसाला मांडायला मुद्दा मिळतो. पण हा वाद हॉस्पिटलच्या बेडवरून घालायची वेळ येऊ देऊ नका. वैयक्तिक अपघात विमा आणि प्रवास विमा यांत साहसी खेळ बहुतेक वेळा वगळलेलेच असतात, वेगळी रक्कम भरून जोडून घ्यावे लागतात. विमा कंपनीकडून स्कायडायव्हिंग समाविष्ट असल्याचं लेखी घ्या.

केंद्रावर सही करायची जबाबदारीमुक्ती, म्हणजे अपघात झाला तर केंद्र जबाबदार नाही असं लिहून देण्याचा कागद, आदल्या दिवशी मागवून घरी वाचा. विमानाचा आवाज सुरू असताना सात पानं कोणी वाचत नाही. आणि केंद्राकडे डीजीसीएची (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची) परवानगी आहे का, तुमच्या प्रशिक्षकाचं रेटिंग, म्हणजे शिकवण्याचा परवाना, चालू आहे का, हे विचारायला लाजू नका. अमेरिकेच्या यूएसपीए या संघटनेच्या नियमांत टँडम प्रशिक्षकाला किमान ५०० उड्या आणि या खेळात ३ वर्षं लागतात. चांगला प्रशिक्षक आपलं कार्ड आनंदाने दाखवतो.

शिकायला जाणाऱ्यांसाठी: लॉगबुक आणि ३० दिवस

यूएसपीएचं ए लायसन्स २५ उड्यांनंतर मिळतं. अर्ज साधा आहे: सदस्यत्व, प्रशिक्षकाच्या सह्यांनी भरलेलं प्रगती कार्ड, तोंडी-लेखी चाचणी आणि तपासणीची उडी. अडतं ते लॉगबुकावर. प्रत्येक उडीचा क्रमांक, तारीख, ठिकाण, उंची, मुक्त पतनाचा (छत्री उघडण्याआधी पडण्याचा) वेळ, विमान, वापरलेलं सामान आणि सही हे सगळं हवं. पाच उड्या थायलंडमध्ये, चार नारनौलला, आणि अर्ध्यांवर सहीच नाही, अशी लॉगबुकं मी पाहिली आहेत. सही त्याच संध्याकाळी घ्या. प्रशिक्षक पुढच्या हंगामात दुसऱ्या देशात असतो.

दुसरा घोळ ३० दिवसांचा. विद्यार्थ्याने ३० दिवसांत उडी मारली नसेल तर पुढची उडी प्रशिक्षकाच्या थेट देखरेखीखाली मारावी, असा संकेत आहे. लोक हे दिवस सर्टिफिकेटच्या तारखेपासून मोजतात. ते शेवटच्या उडीपासून मोजायचे. नागपूरहून वर्षात एकदाच सुट्टी काढून जाणाऱ्याला हे दर वेळी लागू होतं, म्हणून बजेटमध्ये उजळणीचा दिवस आणि एका देखरेखीच्या उडीचा खर्च आधीच धरा. मध्ये घरी बसून राहू नका. कमान धरण्याचा सराव सतरंजीवर होतो, उतरताना पाय जोडून लोळण घेण्याचा सराव आखाड्याच्या मातीत उत्तम होतो, आणि आपत्कालीन क्रम, म्हणजे बिघडलेली मुख्य छत्री सोडणं आणि रिझर्व्ह (राखीव छत्री) ओढणं, रोज डोळे मिटून हातांनी करायचा असतो. विद्यार्थ्यासाठी मुख्य छत्री सोडण्याचा निर्णय २,५०० फुटांपर्यंत व्हायलाच हवा. तिथे विचार करायला वेळ नसतो, हातांना सवय असावी लागते.

एनसीसीतून आग्र्याच्या पॅराट्रूपर्स ट्रेनिंग स्कूलमध्ये पॅरा कोर्स केलेले कॅडेट विचारतात की आम्हाला सूट मिळेल का. नाही. त्या उड्या गोल छत्रीच्या, दोरीने आपोआप उघडणाऱ्या. इथे चौकोनी छत्री स्वतः उघडून स्वतः वळवायची असते, म्हणून नवीन विद्यार्थ्यासारखंच पहिल्यापासून शिकावं लागतं. आणि तो कोर्स करायचा असेल तर अर्ज थेट आग्र्याला जात नाही, आपल्या युनिटकडूनच नाव जातं.

सामान

२५ उड्यांच्या आत काहीही विकत घेऊ नका. फार तर आपल्या मापाचं कडक हेल्मेट आणि ऑल्टिमीटर (उंची दाखवणारं यंत्र). बूट बंद, लेसचे, पण लेस अडकवायचे धातूचे हुक नसलेले. छत्रीच्या दोऱ्या त्या हुकांत अडकतात. चष्मा असेल तर वरून बसणारा गॉगल आधीच सांगून ठेवा.

जुनं सामान स्वस्तात मिळतं तेव्हा मोह होतो. त्याचे कागद मागा: रिझर्व्ह छत्री शेवटची कधी घडी केली (अमेरिकी नियमाने दर १८० दिवसांनी परवानाधारक रिगरने, म्हणजे छत्र्या तपासून घडी करणाऱ्या तंत्रज्ञाने, करायची असते), आणि स्वयंचलित उपकरणाची, म्हणजे एएडीची, निर्मितीची तारीख. सायप्रेससारखं एएडी ठराविक वेगाने पडणाऱ्या माणसाची रिझर्व्ह सुमारे ७५० फुटांवर आपोआप उघडतं. त्याचं विद्यार्थ्यांसाठीचं मॉडेल कमी वेगालाही चालू होतं. विकणाऱ्याकडचं मॉडेल अनुभवी माणसाचं असेल तर ते तुमच्यासाठी नाही. हेल्मेटला कॅमेरा लावण्यासाठी यूएसपीएची शिफारस २०० उड्यांची आहे. पहिल्या वर्षी रील्ससाठी त्यावर वाद घालणाऱ्या मुलांना मी स्पष्ट नाही म्हणतो.

तारीख निवडताना

डिसेंबर-जानेवारीत उत्तरेत धुकं असतं, सकाळच्या उड्या दुपारवर जातात, दुपारच्या दुसऱ्या दिवसावर. वारा ताशी १४ मैलांच्या वर गेला की यूएसपीएच्या नियमाने एकट्याने उडणाऱ्या विद्यार्थ्याला थांबवतात. मे महिन्यात हवा तापून विरळ होते, छत्री जास्त वेगाने उतरते. परतीचं तिकीट उडीच्या दिवसाचं काढू नका, दोन दिवस मोकळे ठेवा. आणि पैसे भरण्याआधी हे दोन प्रश्न ईमेलवर विचारा: हवामानामुळे उडी रद्द झाली तर पैसे परत की पुढची तारीख, आणि वजन किंवा वैद्यकीय कारणाने तुम्हालाच नाकारलं तर काय? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक ठिकाणी "परतावा नाही" असंच येतं.