लूकअहेड इथं चालतो, तिथं का नाही? कोल्हापुरी मालाच्या नावांमागची पार्श्वभूमी

चप्पल लाईनमधला माल ऑनलाईन विकायला लागल्यापासून नावांचा घोळ काही संपेना. कोणी कोल्हापुरी लिहितंय, कोणी कोल्हापूरी, कुठं चप्पल तर कुठं चपला, कापशी (चपलेचा एक प्रकार) हा शब्द एकाकडं सुरुवातीला तर दुसऱ्याकडं पार शेवटी. शब्दांचा क्रमच ठरलेला नाही म्हटल्यावर रेजेक्समध्ये, म्हणजे मजकुरात नमुना शोधायच्या सांकेतिक पॅटर्नमध्ये, लूकअहेड लागतोच. लूकअहेड म्हणजे 'पुढं हे असावं' (?=) किंवा 'पुढं हे नसावं' (?!, म्हणजे निगेटिव्ह) अशी जागा न सोडता तपासायची अट:

^(?=.*कोल्हा(पु|पू)री)(?=.*(चप्पल|चपल))(?!.*(स्टाईल|टाईप))

शेवटचा निगेटिव्ह भाग उगाच नाही हं. जीआय टॅग (मूळ प्रदेशाच्या नावाला कायद्यानं मिळणारं संरक्षण) महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या मिळून आठ जिल्ह्यांपुरताच आहे, त्यामुळं 'कोल्हापुरी स्टाईल'वाला रेक्झिनचा माल यादीत शिरला की यादीचं वाटोळं.

रेजेक्सचं गणित 1950 च्या दशकातलं, 1968 च्या सुमारास ते टेक्स्ट एडिटरमध्ये आलं, ते राहू दे. आपल्या कामाचं सुरू होतं 1994 ला, पर्ल 5 या प्रोग्रामिंग भाषेत लूकअहेड आला तेव्हापासून. 1997 ला तीच पद्धत पीसीआरई या रेजेक्सच्या तयार कोडच्या लायब्ररीत आली आणि पुढं पीएचपीतून गल्लोगल्लीच्या वेबसाईटवाल्यांपर्यंत पोचली. जावास्क्रिप्टमध्ये तो 1999 पासून आहे. मायएसक्यूएल या डेटाबेसला मात्र 2018 उजाडलं, 8.0 च्या आधी तिथं लूकअहेड नव्हताच आणि वर जुनं इंजिन (रेजेक्स चालवणारा भाग) अक्षरांवर नाही, बाइटवर चालायचं, देवनागरीचं एक चिन्ह म्हणजे यूटीएफ-8 मध्ये तीन बाइट, त्यामुळं मराठी नावांवर ते काय दिवे लावणार.

खरा वाद 2010 चा. आरई2 नावाचं इंजिन त्या वर्षी खुलं झालं आणि त्यात लूकअहेड मुद्दामच ठेवला नाही. कारण असं, की पर्लच्या वळणाची इंजिनं अडली की मागं येऊन पुन्हा प्रयत्न करतात आणि पॅटर्न वाईट असला तर वेळ भलताच वाढत जातो. आरई2 ची हमी अशी की मजकूर दुप्पट झाला तर वेळही साधारण दुप्पटच. गो आणि रस्ट या भाषावाल्यांनीही आपल्या रेजेक्ससाठी हीच वाट धरली. 2019 च्या जुलैत एका मोठ्या इंटरनेट कंपनीचा कारभार एकाच रेजेक्समुळं 27 मिनिटं कोलमडला, तेव्हा या मंडळींना 'बघा, आम्ही सांगत होतो' म्हणायला आयतंच मिळालं. पण त्या रेजेक्सचा खोडा होता लागोपाठच्या डॉट-स्टारचा (.*, म्हणजे 'काहीही, कितीही'), लूकअहेडचा नव्हे! बॅकरेफरन्स (आधी सापडलेला मजकूर पुन्हा जुळवायची सोय) नसेल तर लूकअहेड गणिताच्या हिशेबातही बसतो, फक्त अंमलात आणायला महाग पडतो, इंजिनची अंतर्गत अवस्था फुगत जाते. म्हणजे अडचण खरी आहे, पण सरसकट काढून टाकणं मला तरी अति वाटतं, निदान निगेटिव्ह तरी ठेवायचा होता.

याचा फटका आपल्याकडं बसतो तो गूगल शीट्समध्ये, कारण तिथं खाली आरई2 च आहे. वरचा पॅटर्न टाकला की सरळ एरर. एक्सेलमध्ये 2024 ला रेजेक्सची फंक्शनं आली ती पीसीआरई2 (त्याच पीसीआरईची पुढची पिढी) वर, तिथं तोच पॅटर्न गुमान चालतो, त्यामुळं एकाच दुकानाची यादी अकाउंटंटकडं चालते आणि मालकाच्या मोबाईलवरच्या शीटमध्ये नाही असा प्रकार होतो.

शीट्समध्ये यादी गाळायचीच असेल तर अँड आणि नॉट लावून तीन साध्या अटी कराव्या, तेवढ्यानं भागतं. नाव बदलायचं असलं की मात्र पंचाईत. कापशी हा चपलेचा प्रकार आणि कागल तालुक्यातलं गावही, आणि एकाच सेलमध्ये 'कापशी चप्पल, माल कापशीहून' असं असतं. त्यातल्या फक्त गावाचं 'सेनापती कापशी' करायचं तर कापशी(?! *चप्पल) एवढंच पुरलं असतं. आता आधी 'कापशी चप्पल'च्या जागी कुठलीतरी खूण टाका, मग उरलेली कापशी बदला, मग खुणेच्या जागी पुन्हा 'कापशी चप्पल' आणा.