ब्लूग्रास वृंद (वॉशिंग्टन परिसर)

अमेरिकेच्या आग्नेय डोंगराळ भागातील ग्रामीण संगीतातून विसाव्या शतकाच्या मध्यास ब्लूग्रास ही शैली घडली. राजधानी वॉशिंग्टन आणि तिला लागून असलेल्या मेरिलँड व व्हर्जिनियाच्या उपनगरांत रुजलेल्या तिच्या वाद्यवृंदांची ही नोंद आहे. आधीच्या वृंदांत नाव कमावलेले, पण पोटापाण्याचा उद्योग वेगळा असलेले वादक एकत्र येतात आणि आठवड्यातून एकच रात्र वाजवतात, असा प्रकार या परिसरात पुढे आला. १९७१ मध्ये स्थापन झालेला ‘सेल्डम सीन’ हा त्याचा ठळक नमुना.

शैलीचा आरंभ केव्हापासून धरावा याविषयी मतभेद आहेत. पहिले मत १९३९ चे. केंटकीतील रोझीन गावच्या बिल मन्रो (१९११–९६) याने आपला ‘ब्लू ग्रास बॉइज’ हा वृंद उभा करून त्या वर्षीच्या ऑक्टोबरात नॅशव्हिलच्या ‘ग्रँड ओल ऑप्री’ या नभोवाणी कार्यक्रमात प्रवेश केला. शैलीचे नाव या वृंदावरून आले आणि वृंदाचे नाव केंटकी राज्याच्या टोपणनावावरून. मात्र ‘निळ्या गवताचा प्रदेश’ म्हणतात तो लेक्सिंग्टनभोवतीचा. रोझीन त्यात येत नाही. या मताला मोठी अडचण ध्वनिमुद्रणांची आहे. मन्रोच्या १९४०–४१ मधील मुद्रणांत बँजो नाही. फेब्रुवारी १९४५ च्या मुद्रणांत बँजो आहे, पण तो जुन्या धाटणीचा, आणि सोबत चक्क अकॉर्डियन आहे. दुसरे मत डिसेंबर १९४५ चे. त्या महिन्यात बँजोवादक अर्ल स्क्रग्ज मन्रोच्या वृंदात आला. लेस्टर फ्लॅट (गिटार), चबी वाइज (फिडल, म्हणजे व्हायोलिन) आणि हॉवर्ड वॉट्स (बास) यांच्यासह हा संच १९४८ च्या सुरुवातीपर्यंत टिकला, आणि सप्टेंबर १९४६ पासूनच्या त्याच्या मुद्रणांत आज ओळखला जाणारा नाद प्रथम पूर्णपणे ऐकू येतो. तिसरे मत या संगीताचे अभ्यासक नील रोझेनबर्ग यांचे. त्यांच्या मते एका वृंदाचा नाद आणि शैली या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इतरांनी तो नाद उचलला तेव्हाच शैली जन्मली. मन्रोने १९४७ मध्ये मुद्रित केलेले ‘मॉली अँड टेनब्रुक्स’ बाजारात येण्यापूर्वीच स्टॅनली बंधूंनी १९४८ मध्ये तेच गाणे त्याच बाजात मुद्रित केले, हा त्यांचा मुख्य पुरावा. प्रादेशिक वृंदांचा विचार करताना हे तिसरे मत अधिक उपयोगी पडते, कारण त्यात अनुकरण करणाऱ्याला दुय्यम स्थान मिळत नाही. ‘ब्लूग्रास’ हा शब्द संगीतप्रकारासाठी १९५० च्या दशकात रूढ झाला, याबाबत फारसा वाद नाही.

बँजोच्या त्रि-अंगुली वादनाचा उगमही असाच वादग्रस्त आहे. ही पद्धत स्क्रग्जच्या नावाने ओळखली जाते. परंतु पश्चिम नॉर्थ कॅरोलायनात स्मिथ हॅमेट, रेक्स ब्रुक्स आणि त्यांच्याकडून शिकलेला स्नफी जेंकिन्स हे तिच्या जवळचे काही आधीच वाजवीत होते. एकोणिसाव्या शतकातील मैफिली बँजोवादनातही तीन बोटे वापरली जात. स्क्रग्जचे श्रेय शोधाचे नसून प्रवाहीपणाचे आहे, असे म्हणणे सुरक्षित ठरेल. या पद्धतीत अंगठ्यात प्लॅस्टिकची व दोन बोटांत धातूची नखी असते. एका आवर्तनात आठ स्वर येतात. ते बहुधा तीन-तीन-दोन असे पडतात आणि एकच बोट लागोपाठ दोनदा येत नाही. द्रुत गाण्यात सेकंदाला सुमारे नऊ स्वर निघतात. पाच तारांची जुळणी जी-डी-जी-बी-डी अशी. पाचवी आखूड तार पाचव्या पडद्याशी सुरू होते, त्यामुळे पट्टी बदलताना नेहमीचा कॅपो, म्हणजे तारा एकदम दाबून धरणारा चाप, तिच्यापर्यंत पोहोचत नाही. यासाठी सातव्या व नवव्या पडद्याशी खेळण्यातल्या आगगाडीच्या रुळांचे बारीक खिळे ठोकलेले असतात आणि तार त्यांखाली अडकवतात. कॅपो दुसऱ्या पडद्यावर लावल्यास पांढरी पाचची (जी) पांढरी सहा (ए) होते, चौथ्यावर लावल्यास पांढरी सात (बी). तार खिळ्याखाली गेली की किंचित चढते. ती पुन्हा न मिळवता गाणे सुरू केल्यास सर्वांत जास्त वाजणारी तारच बेसूर राहते. घोडी, म्हणजे तारा पेलणारी लाकडी पट्टी, चिकटवलेली नसते. बारा क्रमांकाच्या पडद्यावरील दाबलेला स्वर आणि तिथलाच हलक्या स्पर्शाचा स्वर जुळेपर्यंत ती सरकवावी लागते.

या वृंदात ढोल नसतो. बास पहिल्या व तिसऱ्या मात्रेवर आणि मँडोलिन दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर आघात देते. हा मँडोलिनचा आघात, म्हणजे ‘चॉप’, आठही तारा दाबून छेडायचा आणि बोटे लगेच सैल करून नाद तोडायचा. मोकळी तार असलेल्या स्वरसंगतीत तो जमत नाही, तार गुंजत राहते. मँडोलिनवादक स्वतः एकल तुकडा वाजवू लागला की चॉप थांबतो, आणि तो बँजो किंवा गिटारने उचलायचा असतो. या हस्तांतराच्या वेळीच लय घसरते. बहुधा ती वाढते. दोघांनी एकाच वेळी चॉप दिला आणि त्यांत केसाएवढे अंतर पडले, तर एका आघाताचे दोन ऐकू येतात. गाण्यामागे भरणा करणाऱ्या वाद्यांचा नियमही तसाच कडक आहे. एका कडव्यात एकाच वाद्याने जागा भरायची, बाकीच्यांनी ठेका धरायचा. डोब्रो ही आडवी गिटार असलेल्या वृंदात तर हा नियम फारच पाळावा लागतो, कारण डोब्रोचा लांबणारा स्वर आणि बँजोची स्वरांची सर एकमेकांवर आल्यास शब्द बुडतात.

डोब्रो ही पोटात धातूचा ध्वनिशंकू असलेली गिटार १९२८ च्या सुमारास डोपेरा बंधूंनी बाजारात आणली. मांडीसरशी आडवी धरून तारांवर पोलादी दांडी सरकवत मींड काढण्याची तिची रीत हवाई बेटांवरची. आपल्याकडील हवाईयन गिटार व मोहनवीणा याच कुळातल्या. ब्लूग्रासमध्ये ती १९५५ मध्ये फ्लॅट व स्क्रग्ज यांच्या स्वतःच्या वृंदात आलेल्या जॉश ग्रेव्ह्जमुळे स्थिरावली.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आणि नंतर अपालाची डोंगरातील कुटुंबे कामासाठी वॉशिंग्टन व बाल्टिमोरकडे आली आणि त्यांच्याबरोबर हे संगीतही आले. ४ जुलै १९५७ रोजी, मोटार-अपघातात जायबंदी झालेल्या एका वृंदाच्या जागी ऐनवेळी उभ्या केलेल्या संचातून ‘कंट्री जंटलमेन’ हा वृंद निघाला. १९६६ पासून ‘ब्लूग्रास अनलिमिटेड’ हे नियतकालिकही याच परिसरातून निघू लागले. अशा प्रकारे शहरी, शिकलेला, पण जाणता श्रोता येथे तयार झाला. सेल्डम सीनची कल्पना अशा श्रोत्याशिवाय करता येत नाही.

या वृंदाची सुरुवात मेरिलँडमध्ये गणितज्ञ बँजोवादक बेन एल्ड्रिज याच्या घराच्या तळघरातील साप्ताहिक बैठकींतून झाली. जॉन स्टार्लिंग (गिटार, मुख्य गायन) शल्यचिकित्सक होता, माइक ऑल्ड्रिज (डोब्रो) व्यावसायिक चित्रकार, तर टॉम ग्रे (बास) ‘नॅशनल जिऑग्राफिक’मध्ये नकाशाकार. जॉन डफी (मँडोलिन आणि टेनर, म्हणजे वरच्या स्वराचे गायन) याने १९६९ मध्ये कंट्री जंटलमेन सोडून वाद्यदुरुस्तीचे काम धरले होते. ग्रेही पूर्वी त्याच वृंदात होता. एल्ड्रिज व ऑल्ड्रिज क्लिफ वॉल्ड्रनच्या संचातून आलेले. ऑल्ड्रिजच्या मामाने, एल्सवर्थ कझन्स याने, १९२८ मध्ये कंट्री गायक जिमी रॉजर्सच्या मुद्रणांत स्टील गिटार वाजवली होती. वृंदाच्या नावात ‘क्वचित दिसणारे’ आणि ‘दृश्य’ असे दोन अर्थ देणाऱ्या समोच्चारित शब्दांवर कोटी आहे. डफीचा जुना सहकारी चार्ली वॉलर याने थट्टेने ते सुचवले, असे सांगतात.

करार साधा होता: कोणी नोकरी सोडायची नाही, आठवड्यातून एक रात्र, आणि सुटीच्या दिवशी जमेल तसे महोत्सव. बेथेस्डाच्या ‘रेड फॉक्स इन’मध्ये सुमारे सहा वर्षे आणि पुढे अलेक्झांड्रियाच्या ‘बर्चमियर’मध्ये दर गुरुवारी कार्यक्रम होत. त्याचा परिणाम संगीतावर झाला. फिरतीवरचा वृंद रोज नव्या गावात तीच वीस गाणी वाजवू शकतो. इथे दर आठवड्याला बरेचसे तेच श्रोते समोर असल्याने संग्रह सतत वाढवावा लागे, आणि त्यात लोकगीते, कंट्री, रॉक असे काहीही येई. फिडल नसल्याने तिचे लांब स्वर डोब्रोकडे आले. गायनात नेहमीची मांडणी मुख्य स्वर मध्ये, टेनर वर, बॅरिटोन खाली अशी. धृपद फार चढे असल्यास मुख्य स्वरच सर्वांत वर ठेवून बाकीचे दोन त्याखाली घेण्याची युक्तीही शैलीत होती. ती ऑस्बोर्न बंधूंनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस रूढ केली होती. तिन्ही गायकांनी स्वराचा उच्चार आणि शब्दाचा शेवट एकाच क्षणी सोडला नाही, तर सूर बरोबर असूनही संगती फाटते. एकाच मायक्रोफोनवर गाताना टेनरने अर्धे पाऊल मागे राहायचे, कारण चढा आवाज इतरांपेक्षा जास्त उठून येतो. आवाज वयानुसार उतरतो तेव्हा गाणे पांढरी सातवरून पांढरी पाचवर आणणे गायकाला सोपे जाते. बँजोवर कॅपो काढून बोटांची तीच योजना मोकळ्या तारांवर वाजते, मात्र नादातील तडफ थोडी कमी होते.

पहिली ध्वनिमुद्रिका १९७२ मध्ये निघाली. डिसेंबर १९७४ मध्ये वॉशिंग्टनच्या ‘सेलर डोर’मध्ये प्रत्यक्ष कार्यक्रमाचे मुद्रण झाले, ते पुढल्या वर्षी जोडतबकडीच्या रूपात आले. सनातनी ब्लूग्रासप्रेमींनी या मृदू नादाला ब्लूग्रास म्हणावे का, असा प्रश्न केला. रोझेनबर्ग यांची कसोटी लावल्यास त्याचे उत्तर होकारार्थी येते, कारण हा बाजही पुढे इतरांनी उचलला. स्टार्लिंग १९७७ मध्ये आणि ग्रे १९८७ मध्ये बाहेर पडले. बासच्या जागी टी. मायकेल कोलमन विद्युत बास घेऊन आला. डफी डिसेंबर १९९६ मध्ये वारला. मूळ संचाला २०१४ मध्ये ब्लूग्रास ‘हॉल ऑफ फेम’मध्ये स्थान मिळाले. एल्ड्रिज २०१६ मध्ये निवृत्त झाल्यावर वृंदात मूळचा एकही वादक उरला नाही. नाव आणि वृंद मात्र चालू राहिले.