मैल्याच्या टाकीतला बर्फ आणि प्रवासाचे शकुन

अमेरिकेत आरव्ही घेऊन हिंडणाऱ्यांमध्ये एक तोडगा फार लोकप्रिय आहे. मैल्याची टाकी रिकामी केली तरी तिचा दिवा 'दोन तृतीयांश भरलेली' असंच दाखवत राहिला, तर दुकानातून बर्फाच्या दोन पिशव्या आणायच्या, कमोडमधून आत ओतायच्या आणि गाडी तासभर वळणांच्या रस्त्यावर फिरवायची. तुकडे आपटून भिंती घासल्या जातात, असा समज. आणि कित्येकदा दिवा खरंच विझतो.

आरव्ही म्हणजे चाकांवरचं घर. काही स्वतः धावतात, काही पिकअपमागे जोडून ओढायची असतात, म्हणजे ट्रेलर. ओटा, पलंग, संडास सगळं आतच, त्यामुळे टाकी तुंबली की सहलीचा विचका होतो. तिथे तोडगे जन्मले नसते तरच नवल.

पण बर्फाचं भौतिकशास्त्र या तोडग्याच्या विरोधात जातं. बर्फ पाण्यावर तरंगतो आणि घाण बसलेली असते तळाला. पाणी अगदी थोडं असेल तर तुकडे तळाला टेकतात खरे, पण ओला, गुळगुळीत, वितळत चाललेला बर्फ कितीसा घासणार? खरी मेहनत करतं ते हिंदकळणारं पाणी आणि मिळालेला वेळ. दिव्याचीही गंमत आहे. बऱ्याच टाक्यांत सेन्सर म्हणजे भिंतीतून आत आलेले धातूचे बोल्ट. त्यांच्यामध्ये पाणी असलं की वीज वाहते आणि दिवा लागतो. तिथे ओला कागद चिकटला तरी वीज वाहतेच. कागद भिजून सुटला की दिवा विझतो आणि श्रेय बर्फाला जातं. नुसतं तेवढंच पाणी घालून तीच फेरी मारून पाहायची तसदी सहसा कोणी घेत नाही.

टाकी साफ राहते ती सवयीने. दोन तृतीयांश भरल्याशिवाय तिची झडप उघडू नये, कारण भरपूर पाणी एकदम सुटलं तरच गाळ वाहून जातो. आधी मैल्याची टाकी सोडायची, मग सांडपाण्याची, म्हणजे साबणाच्या पाण्याने नळीही धुऊन निघते. झडप बंद करून लगेच 15-20 लिटर पाणी आत घालायचं. मुक्कामी नळी जोडलेली आहे म्हणून झडप कायम उघडी ठेवली, तर पाणी निघून जातं आणि घन भागाचा ढीग मागे राहतो. तिकडचे लोक त्याला 'पिरॅमिड' म्हणतात.

बर्फाला श्रेय देण्यासारखाच प्रकार मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी 1948 साली भुकेल्या कबुतरांमध्ये नोंदवला. पक्षी काहीही करो, दाणे ठरावीक वेळाने आपोआप पुढे यायचे. आठपैकी सहा कबुतरांना ठाम सवयी जडल्या: एक गोल फिरायचं, एक कोपऱ्याकडे डोकं खुपसायचं. दाणे येण्याआधी जे चाललं होतं तेच पक्कं झालं, असा स्किनर यांचा अर्थ. पुढे 1971 साली स्टॅडन आणि सिमेलहॅग यांनी प्रयोग बारकाईने पुन्हा केला, तेव्हा बऱ्याच हालचाली भुकेल्या कबुतराच्या उपजत वागण्यातल्या निघाल्या. माणसाच्या बाबतीत मात्र 'केलं आणि मग झालं' यावरून 'केलं म्हणून झालं' ही उडी रोजची आहे.

मग प्रवासातच हे शकुन इतके का फोफावतात? मानववंशशास्त्रज्ञ मालिनोव्स्की यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात पॅसिफिकमधल्या ट्रोब्रियांड बेटांवर पाहिलं, की खाजणातल्या भरवशाच्या मासेमारीला कोणी मंत्र म्हणत नाही, खुल्या समुद्रावर जाताना मात्र विधींना तोटा नाही. आरव्हीचा महामार्ग हा त्या समुद्राचाच भाऊबंद. सनवायझरवर प्रवाशांचा संत क्रिस्टोफर लटकतो. 1969 साली त्याचा 25 जुलैचा सण रोमच्या सार्वत्रिक पंचांगातून वगळला गेला, तरी पदकांची विक्री थांबली नाही. दफनभूमीपाशी श्वास रोखायचा, रेल्वेचे रूळ ओलांडताना पाय उचलायचे, हेही तिकडच्या गाड्यांमधले जुने प्रकार. (पाय प्रवाशांनी उचलावेत. चालकाचा ब्रेकपाशीच बरा.) अमेरिकेतल्या देवळाच्या पार्किंगमध्ये नव्या गाडीच्या चाकाखाली लिंबू ठेवणारं मराठी कुटुंब यांच्यात सहज मिसळून जातं.

'या खेपेला एकदाही टायर फुटला नाही' असं म्हणून, नशीब फिरू नये यासाठी लाकडावर टकटक करणाऱ्याला आपण हसतो. झँग, रायझन आणि होझी या संशोधकांचे यावरचे प्रयोग 2014 साली प्रसिद्ध झाले. नशिबाला डिवचणारं वाक्य बोलल्यावर ज्यांनी आपल्यापासून दूर जाईल अशी टकटक केली, त्यांची धास्ती कमी झाली. आपल्याकडे येणाऱ्या टकटकीने तसं झालं नाही. गुण लाकडाचा नव्हता: चेंडू दूर फेकल्यानेही तोच परिणाम दिसला. अपघात टळला नाही, धास्ती ओसरली. आणि धोका इथेच आहे, कारण तपासणीला उठवणारी धास्तीच विझते.

टायरवर दांडका मारण्याचंच घ्या. आपल्याकडे ट्रकचा क्लीनर टॉमीने, म्हणजे लोखंडी कांबेने ठोकतो, तिकडे लाकडी सोट्याने ठोकतात. मागच्या जोडचाकांपैकी एक पूर्ण बसलं आणि शेजाऱ्याने भार उचलून धरला, तर ते आवाजावरून कळतं. हवेचा दाब 80 पीएसआय आहे की 60, हा फरक मात्र कान सांगू शकत नाही. कमी हवेचा टायर जास्त दबतो, तापतो आणि महामार्गावर फाटतो. म्हणून सकाळी टायर थंड असतानाच गेज लावायचा. टायरच्या कडेवर तारखेचा आकडाही बघावा. 3219 म्हणजे 2019 सालचा 32वा आठवडा. ट्रेलरचे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात, नक्षी शाबूत दिसते आणि फसवते.

शकुनासारखी दिसणारी काही कृत्यं मात्र अस्सल कामाची आहेत. थांब्यावर उतरून प्रत्येक चाकाच्या हबजवळ, म्हणजे मधल्या भागाजवळ, हाताची मागची बाजू नेणारा माणूस नमस्कार करतोय असं वाटेल, पण तो उष्णता पडताळतोय. एकच हब इतरांपेक्षा बराच गरम लागला तर बेअरिंगचं ग्रीस संपलंय किंवा ब्रेक चिकटलाय. ट्रेलर आणि पिकअपमधल्या सुरक्षेच्या साखळ्या जोडाखाली फुलीसारख्या घालतात, कारण जोड सुटलाच तर ट्रेलरचा दांडा त्या झोळीत पडतो, रस्त्यात रुतत नाही. 3,000 किलोच्या ट्रेलरचा 10 ते 15 टक्के भार, म्हणजे 300 ते 450 किलो, जोडावर यायला हवा. सामान मागे रचलं की हा भार घटतो आणि वेगात ट्रेलर शेपटीसारखा डोलू लागतो. तेव्हा ओढणाऱ्या गाडीचा ब्रेक दाबू नये. ॲक्सिलरेटर सोडावा, स्टिअरिंग सरळ धरावं, ट्रेलरचा ब्रेक हाताने हळूच लावावा.

ट्रेलरची जोडणी चालू असताना कोणी गप्पा मारायला आलं, तर पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरुवात करायची. कडी बसल्यावर, चाकांना ठोकळे असतानाच, ट्रेलरचा पुढचा जॅक थोडा फिरवून तो वर उचलून पाहायचा. पिकअपची मागची बाजू ट्रेलरबरोबर वर उचलली गेली तर जोड धरलाय. नुसता ट्रेलरच वर आला तर कडी पुन्हा बसवावी लागेल. पदक, लिंबू, जे काय लटकवायचं ते यानंतर.